आत्ता करत नाहीये ना, सर?

सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतलीत आणि पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना ती मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका देते? अभिनंदन. शनिवारी सकाळी काय करायचं हा प्रश्न आता वर्षभर तरी तुम्हाला पडणार नाही. मी स्वतः चौदा महिने या विषयाचा अभ्यास करतोय, तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगतो. तुम्हाला उपयोग होईल न होईल, वर्कशॉपवाल्यांना नक्की होईल.

सुरुवात खरेदीपासूनच करावी लागते. डीलर सांगतो, "सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, फक्त रविवारी निघायची." यावर मान डोलवावी. पुण्यात विकायला येणारी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. मग हे डॉक्टर सोमवार ते शनिवार दवाखान्यात जातात कशाने, असलं विचारू नये, बरं दिसत नाही. ट्रायल सकाळी साडेसातला, गार गाडीवर, रिकाम्या रस्त्यावर घ्यावी. पाचशे मीटर पुष्कळ झाले. त्यात एसी गार करतो का आणि फोन ब्लूटूथला जोडला जातो का, हे बघून घ्यावं. चॅसी नंबर टिपून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुना रेकॉर्ड मात्र मागू नये. तो बऱ्याचदा मिळतो, हीच त्यातली अडचण. आणि डीलर जी एका वर्षाची 'इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी' देतो, तिचा कागद चष्मा न लावता वाचावा. म्हणजे 'क्लच वगळून' हे दोन शब्द डोळ्यांना त्रास देत नाहीत.

आपलं 'ऑटोमॅटिक' कुठल्या जातीचं, याच्याही खोलात शिरू नये. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि डावा पाय सुटला, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला नि गिअर टाकायला पायाहाताऐवजी ॲक्च्युएटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने हलणारं यंत्र. सीव्हीटीत दोन पुल्या आणि त्यांच्यावर पट्टा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात ताकद तेलातून जाते. आणि डीसीटीत एक सोडून दोन क्लच, एकाच्या वाट्याला विषम गिअर, दुसऱ्याच्या वाट्याला सम. चौघांची दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. पण काउंटरवर आपण "ऑटोमॅटिक आहे, झटके देते" एवढंच म्हणावं. समोरच्या मुलाला उगाच विचार करायला लावू नये.

माझी गाडी डीसीटी, तीही कोरड्या क्लचची. कोरड्या म्हणजे क्लच तेलात नसतात, हवेवरच गार होतात. आता संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीच्या शिवाजी चौकातून वाकडच्या पुलाकडे निघा. तिथे गाडी चालत नाही, सरपटते. दोन मीटर पुढे, ब्रेक. दीड मीटर पुढे, ब्रेक. मॅन्युअलवाला शहाणा असेल तर पुढे गाडीभर जागा होईपर्यंत न्यूट्रलवर थांबतो. डीसीटीतला कॉम्प्युटर पडला आज्ञाधारक. तुम्ही ब्रेकवरून पाय जरा सैल केलात की तो बिचारा हाफ क्लचवर गाडी सरकवायला लागतो. तासभर हे चाललं की क्लच तापतात, घसरतात, नको तिथे पकडतात, आणि चांदणी चौकाच्या चढाला गाडी अशी थरथरते की ताप चढलेल्या माणसाला हुडहुडी भरावी.

म्हणून गाडी दाखवायला न्यायची ती सकाळी दहालाच. रात्रभर पार्किंगमध्ये झोपलेली, गारगार.

तिथे एक तरुण सर्व्हिस ॲडव्हायझर येतो. सीटवर प्लॅस्टिक, पायाखाली कागद, स्टिअरिंगला टोपडं, अशी सगळी तयारी करून तो तुम्हाला शेजारी बसवतो आणि सर्व्हिस रोडने वडापावच्या गाडीपर्यंत नेऊन परत आणतो. जाताना आठशे मीटर, येताना आठशे. गाडी लोण्यासारखी चालते. घरी धिंगाणा घालणारं पोर पाहुण्यांसमोर हात जोडून शुभंकरोति म्हणायला लागतं ना, अगदी तशी. तो मुलगा तुमच्याकडे वळून मायेने विचारतो, "आत्ता करत नाहीये ना, सर?"

नाही म्हणावंच लागतं. करतच नसते.

"तापल्यावर करते" असं इथे चुकूनही म्हणू नये. मी म्हटलं. तर तो म्हणाला, "मग ठेवून जा सर, दोन दिवस ऑब्झर्व्हेशनला." ऑब्झर्व्हेशन म्हणजे नक्की काय करतात, याचं मला कुतूहल होतं, म्हणून निघताना ओडोमीटरचा फोटो काढून ठेवला: ४८,२१६. दोन दिवसांनी गाडी ताब्यात घेतली तेव्हा आकडा होता ४८,२१८. या दोन किलोमीटरांत धुवायच्या रॅम्पची वारीही आलीच, कारण गाडी आरशासारखी पुसलेली होती. ऑब्झर्व्हेशन झालं होतं यात शंका नाही. त्यांनी गाडीकडे दोन दिवस बघितलं असणार.

आता जॉब कार्ड. माझ्या मते सगळ्या विद्येचं मूळ या कागदात आहे. त्यावर 'कस्टमर व्हॉइस' नावाचा रकाना असतो. मी सांगितलं, "तासभर ट्रॅफिकमध्ये चालल्यावर, दहा ते वीसच्या स्पीडला, चढावर थरथरते. दुसऱ्या गिअरला हिसका देते. डीमधून आरला टाकली की दोन सेकंद काहीच होत नाही." मुलाने मन लावून ऐकलं, टाइप केलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. कस्टमर व्हॉइस: 'जनरल चेकअप.' संध्याकाळी त्याच्याखाली भर पडली: 'ट्रायल घेतली. ओके.' माझा आवाज इतका सुबक करून मला आजवर कुणी परत दिलेला नाही. तुम्हीही सही करून मोकळे व्हा. "मी बोललो तेच शब्द लिही, नाहीतर सही करत नाही" असं म्हणणारे, जॉब कार्डाची प्रत मागून फाइलला लावणारे लोक असतात. त्यांच्याकडे स्टाफ कसा बघतो, ते मी पाहिलंय.

पुढे एकदा चेक इंजिनचा दिवा लागला. मला आनंद झाला, म्हटलं आता गाडी स्वतःच बोलली. स्कॅनर लावला, कोड आला पी-०७००. या कोडचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदली गेलीय, ती त्यालाच विचारा. म्हणजे सरकारी कचेरीतल्यासारखं, 'ही खिडकी नव्हे, पलीकडे जा.' पलीकडच्या खिडकीवर नेमका दोष लिहिलेला असतो. बिघाडाच्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, याची नोंदही गाडी करून ठेवते. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आमच्या ॲडव्हायझर मुलाने यातलं काही न वाचता आधी सगळे कोड पुसले. पंचनाम्याच्या आधी फरशी फिनेलने पुसून घ्यावी तसं. मग दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गेला बघा, सर." त्याची छपाई मागायची असते, तीही पुसण्याआधी, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधी कळलं असेल तर कृपया विसरा.

यानंतर 'सॉफ्टवेअर अपडेट' होतं आणि पाठोपाठ 'लर्निंग'. गाडी तुमची ड्रायव्हिंग स्टाइल शिकते, असं तुम्हाला समजावून सांगतात. याचा पुढचा अर्थ तुमचा तुम्ही लावायचा, की गाडी थरथरते ती तुमच्यावर गेलीय म्हणून. "घरात अजून कोण चालवतं, सर? मॅडम?" हा प्रश्न मी घरी येऊन जशाचा तसा विचारला. तुम्ही विचारू नका. उत्तर मिळालं, "मी चालवते तेव्हा कधीच करत नाही." कारण ही सकाळी सातला मुलीला शाळेत सोडते, दीड किलोमीटर, गार गाडी. अख्ख्या वर्कशॉपला जे सापडलं नाही ते घरात भाजी चिरता चिरता सापडलं होतं, पण माझं लक्ष तेव्हा टोमण्याकडे होतं.

दर खेपेला काहीतरी करून घ्यावं, रिकाम्या हाताने परतू नये. एकदा इंजेक्टर क्लीनिंग, एकदा अलाइनमेंट-बॅलन्सिंग, दोनदा एसी डिसइन्फेक्शन. गिअरबॉक्सचं निदान झालं नाही, निदान बिल तरी झालं. आणि माझ्या गाडीच्या एसीत आज एकही जंतू जिवंत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन येतो, "सर, दहापैकी किती द्याल? दहाच्या खाली गेलं तर आमच्या ॲडव्हायझरचा इन्सेंटिव्ह जातो." द्यावेत दहा. त्या पोराने स्टिअरिंगला टोपडं घातलं होतं.

गाडी विकणाऱ्या डीलरकडे गेलात तर तो म्हणतो कंपनीत दाखवा. कंपनीवाले म्हणतात, आमच्याकडून घेतलेली नाही. मधल्या रस्त्यावर तुमची गाडी तापते, हा या व्यवस्थेतला एकमेव शास्त्रीय भाग.

कुणीतरी दीडशहाणा तुम्हाला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर देईल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगेल, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी लागत नाही म्हणेल, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे म्हणेल. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, हेही सांगेल. सगळं खरं आहे. पण तिथे कागद मागतात. आणि तुमच्या फाइलमधले सातही कागद एकमुखाने काय म्हणतात? ट्रायल घेतली, ओके.

तपासणीवरून आठवलं. पिंपरी-चाकणला गाड्या बनतात, आणि कोथरूडच्या ज्या टेकडीला आम्ही सरळ एआरएआयची टेकडी म्हणतो तिथे गाड्यांच्या चाचण्या घेणारी १९६६ सालची संस्था आहे. त्या टेकडीच्या पायथ्याने, पौड रोडवरून, माझी गाडी रोज संध्याकाळी थरथरत घरी येते. वर कुणाला ऐकू जात नाही एवढंच.

शेवटी एक चूक माझ्या हातून झालीच, ती तुम्ही करू नये. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात कशासाठी तरी गेलो होतो, तिथल्या मालकांनी एका मिस्त्रीचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, बाहेर दोन गाड्या जॅकवर, आत कॅलेंडरवर गणपती. गृहस्थ पन्नाशीचे. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, ट्रायलही घेतली नाही. विचारलं, "केव्हा करते?"

तेरा महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. मी सांगितलं. म्हणाले, "मग इथे काय बघायचंय, साहेब? उद्या साडेसहाला हिंजवडीत येतो."

आले. मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला, दुसऱ्या हातात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. पाऊण तास आम्ही दोन-दोन मीटर सरकत होतो. ते पडद्यावर क्लचच्या तापमानाचा आकडा चढताना बघत होते, मधूनच "हं" म्हणत होते. वाकडच्या पुलाखाली गाडीने पहिला हिसका दिला तेव्हा त्यांनी पुडी डॅशबोर्डवर ठेवली, दोन बटणं दाबली, पडद्याचा फोटो घेतला. "विषम गिअरचा क्लच गेलाय. पहिला, तिसरा बघा, दोन्हीत घसरतोय. दुसऱ्या गिअरचा दोष नाही, पहिला नीट सोडत नाही म्हणून हिसका बसतो." फी पंधराशे रुपये. शेंगदाणे त्यांचे.

अशा माणसांमुळे धंद्याची शिस्त बिघडते. मी तो फोटो घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा फ्लोअर इन्चार्जांना मनापासून वाईट वाटलं. "बाहेरचं डायग्नोसिस आम्ही धरत नाही, सर." पण क्लच बदलून द्यायला त्यांची हरकत नव्हती. जॉब कार्ड निघालं. कस्टमर व्हॉइसच्या रकान्यात या वेळी लिहिलं होतं: 'कस्टमर डिमांड – क्लच असेंब्ली बदलणे.' म्हणजे गाडीत दोष नव्हताच, मला हौस आली होती. पाडव्याला बायकोसाठी पैठणी घ्यावी तसा मी गाडीला क्लच घेतला. चौऱ्याण्णव हजार रुपये. डीलरची वॉरंटी महिन्यापूर्वी संपली होती आणि तिच्यात क्लच तसाही नव्हताच, त्यामुळे त्या बाजूने मनाला रुखरुख लागली नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी तोच मुलगा शेजारी बसला. टोपडं काढलं, चावी दिली, "एकदम मक्खन झालीय, सर" म्हणाला. गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर मी गाडी हळू केली, ब्रेक सोडला, आणि ती थरथरली. चांगली दोन-तीन सेकंद, प्लॅस्टिकचं सीट कव्हर वाजेल इतकी.

"आता? बघितलंत ना?" मी जवळजवळ ओरडलोच. चौदा महिन्यांत पहिल्यांदा साक्षीदार गाडीत होता.

"नवीन क्लच आहे सर, बसायला वेळ लागतो. हजारेक किलोमीटर चालवा."

"ठीक आहे. एवढंच जॉब कार्डवर लिहून द्या."

तोवर गाडी गेटबाहेर सर्व्हिस रोडला लागली होती. त्याने एकदा गिअरच्या दांडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच मायेने म्हणाला, "पण आत्ता करत नाहीये ना, सर?"