‘कोड आला की झालं’ म्हणणाऱ्यांना सोलापुरातून उत्तर

आपल्या सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मलाच तो चौघापाच जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं: सॉफ्टवेअर हे एकट्यानं करायचं काम, लिनक्ससुद्धा (कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली) एका पोरानं खोलीत बसून लिहिलं. माणसांशी जमवून घेणं हा स्वभाव असतो, तो शिकवून येत नाही. चौघांचा प्रोजेक्ट असतोच, तेवढं पुरे. आणि फारच वाटलं तर इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावा. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मी बरीच वर्षं बघतोय. हा मेसेज वाचून पोरं चुकीच्या वाटेला लागतील, म्हणून लिहितोय.

लिनक्सची गोष्ट अर्धीच सांगितली आहे. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली एकट्यानं सुरुवात केली, हे खरं. पण आजचं लिनक्स जगभरच्या हजारो जणांनी लिहिलेलं आहे. एवढ्यांचे बदल एकत्र आणायचे म्हणून तर त्यानं २००५ साली गिट हे कोडमधले बदल जुळवणारं साधन तयार केलं. आणि एकमेकांशी न बोलता हुशार माणसं काय करून बसतात, तेही बघा. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचलं आणि गमावलं. एका गटाच्या प्रोग्रॅमनं आकडे पाउंड-सेकंदांत दिले, दुसऱ्या गटानं ते न्यूटन-सेकंद या वेगळ्याच मापातले धरून वापरले. गणित दोघांनाही येत होतं. चौकशीत गटांमधल्या अपुऱ्या संवादावरही बोट ठेवलं गेलं.

स्वभावाचं म्हणाल, तर पुन्हा टोरवाल्ड्सच. सप्टेंबर २०१८मध्ये, ईमेलवर सहकाऱ्यांना वर्षानुवर्षं लागेल असं बोलल्याबद्दल त्यानं जाहीर माफी मागितली, काही दिवस काम बाजूला ठेवलं आणि माणसांच्या भावना समजून घ्यायला मदत घेणार असं सांगितलं. पन्नाशीजवळच्या माणसाला हे शिकावंसं वाटतं, मग वीस वर्षांच्या पोराबद्दल आपण आधीच हात का टेकायचे?

आता प्रोजेक्ट. यावर मला जास्त बोलायचंय, कारण यात चूक आम्हा शिक्षकांचीही आहे. चौघांची नावं असतात. एक कोड लिहितो, एक पीपीटी करतो, एक ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बाइंडिंगला टाकून येतो आणि चौथा व्हायवाला हजर राहतो. मार्क सगळ्यांना जवळपास सारखे. यातून टीमवर्क येत नाही, काम वाटून मोकळं होणं येतं. पोहायला शिकवायचं म्हणून चौघांना विहिरीत ढकलायचं आणि काठावरून निघून जायचं, असलाच हा प्रकार.

शिकवायचं म्हणजे बारीकसारीक गोष्टी शिकवायच्या. मागच्या वर्षी लॅबमध्ये दोन पोरांनी एकच फाईल बदलली आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर आदळले. ‘माझं का उडवलास बे?’ म्हणत एक जण उठलाच. दोघांना एकाच मशीनपुढे बसवलं. कीबोर्ड एकाकडे, सांगायचं दुसऱ्यानं, आणि पंधरा मिनिटांनी बदली. दुसऱ्या बदलीपर्यंत कळलं की लॉगिनला चुकीचा पासवर्ड आला तर काय करायचं, हे दोघांनी आपापल्या मनानं ठरवलं होतं. भांडण कोडचं नव्हतंच. त्यानंतर रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, ‘हे चुकीचंय’ एवढंच लिहायला मी बंदी घातली. ‘यादी रिकामी आली तर ही ओळ अडकेल, बघतोस का?’ असं लिहायचं. पहिले दोन आठवडे पोरं कंटाळली, मग आपसूक लिहू लागली.

इंग्रजीच्या सल्ल्यानं मात्र मला वाईट वाटतं. आमच्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. इंग्रजी यायला हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण रोजच्या मीटिंगमध्ये ‘कुठं अडलंय?’ विचारलं की मराठीतसुद्धा उत्तर एकच: ‘होतंय सर.’ एक मुलगी नऊ दिवस ‘होतंय’ म्हणत होती. डेटाबेस पहिल्या दिवसापासून जोडला जात नव्हता. अडलंय म्हटलं तर आपल्याला येत नाही असं सगळ्यांना वाटेल, ही तिची भीती. कुठलाही स्पीकिंग क्लास ती काढू शकत नाही. ती वर्गात निघते, आधी शिक्षकानं ‘मलाही हे येत नव्हतं’ म्हटल्यावर.

शहराच्या पूर्व भागातल्या एका पोराचे वडील यंत्रमागावर आहेत. काम दुसऱ्याच्या हाती देताना काय लिहायचं, हे वर्गाला त्यानंच समजावलं. पाळी बदलताना त्याचे वडील पुढच्या माणसाला सांगतात, कुठल्या मागावर धागा सारखा तुटतोय आणि आपण काय करून बघितलं. त्याच्या गटाच्या नोंदी तेव्हापासून तशाच येतात: काय झालं, काय तुटतंय, काय करून बघितलं.

यंदा ब्लॅक बुकात आम्ही एक पान वाढवलंय. प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं: मी कुठं अडलो आणि कुणाला विचारलं. त्या पानाला मार्क आहेत.