वाचवलेल्या सापाला लगेच भरवू नका

साप वाचवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याला खायला काय देऊ?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल शंकाच नाही. पण पहिले काही दिवस याचं उत्तर "काहीच नको" हेच असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. धडधाकट मोठा साप काही आठवडे सहज उपाशी राहू शकतो. घाईनं भरवल्यावर मात्र त्याच्या जिवावर बेतू शकतं.

सापाला ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि त्याचं सगळं पचन त्या उबेवर चालतं. गारठलेल्या, भेदरलेल्या सापाच्या पोटात उंदीर गेला, तर तो पचायच्या आधी सडायला लागतो. मग साप तो बाहेर टाकतो. त्याबरोबर अंगातलं पाणी जातं, अन्ननलिका सोलवटते आणि आधीच अशक्त असलेला जीव आणखी खचतो. मुळात पचवणं हेच सापाच्या शरीराला प्रचंड कष्टाचं काम आहे. ब्रह्मी अजगरानं मोठं भक्ष्य गिळलं, की दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आहे! एवढा भार आजारी सापावर टाकायचा?

आधी ऊब, अंधार, शांतता आणि पाणी. हवा खेळेल असा घट्ट झाकणाचा डबा, तळाला कागद, लपायला आडोसा. ऊब डब्याच्या एकाच बाजूला द्या, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडे सरकता येतं. अंगाखाली थेट तापलेली वस्तू ठेवू नका. पोट भाजलं तरी साप तिथेच पडून राहतो.

कातडीला पडलेली घडी तशीच राहत असेल, डोळे आत गेलेले दिसत असतील, तर त्याला पाणी कमी पडलंय. उथळ भांड्यात पाणी ठेवा, तो स्वतः पिईल. तोंडात पिचकारीनं पाणी सोडू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. दूध तर नाहीच नाही, ते सापाचं अन्नच नव्हे.

जाळीत अडकलेल्या धामणीबद्दल मला विशेष सांगायचंय. नायलॉनचा दोरा खवल्यांखाली रुततो. बोथट टोकाच्या कात्रीनं तो कापला की साप मोकळा दिसतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि लगेच सोडून देण्याची घाई होते. पण आवळलेल्या जागची कातडी मेल्याचं कधीकधी काही दिवसांनी कळतं. असा साप आधी वन्यजीवांच्या डॉक्टरांकडेच गेला पाहिजे.

भरवायची वेळ आलीच, तर कोणता साप आहे ते आधी ओळखा. दिवडीला मासे-बेडूक लागतात, अजगराला गरम रक्ताचं भक्ष्य. भक्ष्य सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. बराच काळ उपाशी असेल तर त्याहूनही लहान. ते मेलेलं आणि कोमट असावं, कारण जिवंत उंदीर बंद डब्यात सापालाच कुरतडतो. विष घालून मारलेला उंदीर चुकूनही देऊ नका. डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर कात टाकायची वेळ आलीय. तेव्हा तो बहुधा खाणार नाही, त्याला तसाच राहू द्या. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावू नका. जबरदस्तीनं भरवणं हा शेवटचा उपाय आणि तोही डॉक्टरांच्याच हातून. विषारी साप असेल तर यातलं काहीच घरी करायचं नाही, प्रशिक्षित माणसालाच बोलवा.

आणि जखम नसलेल्या सापाला आपल्या शुश्रूषेची गरजच नसते. "दोन दिवस ठेवतो, खाऊपिऊ घालतो, मग सोडतो" हे मला अजिबात पटत नाही. ते दोन दिवस त्याच्यासाठी कैदच असते. त्याला होता तिथेच जवळच्या सुरक्षित जागी सोडावं. लांबच्या जंगलात नेऊन सोडलेला साप ओळखीची बिळं आणि पाण्याच्या जागा शोधत भटकत राहतो, त्यात मरण्याचा धोकाही वाढतो. म्हणून साप उचलतानाच नेमकी जागा लिहून ठेवा आणि उपचाराला पाठवताना ती चिठ्ठी डब्यावर चिकटवा.