वेल्डिंगला परवानगी नाही

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आज माझा फ्लॅट नंबर झळकतो आहे. "काही सभासद पार्किंगमधील सामायिक विजेचा वापर खाजगी वेल्डिंगकामासाठी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे," आणि पुढे कंसात फक्त माझा नंबर. नाव घातलेलं नाही, एवढी सभ्यता पाळली आहे. हे 'काही सभासद' म्हणजे मी एकटा, आणि ते 'वेल्डिंगकाम' म्हणजे मोहरीएवढे दोन ठिपके.

झालं असं की आमच्या गाडीचा मीटर मनात येईल तेव्हा मरायचा. स्पीडचा काटा शून्यावर लोळायचा. पेट्रोल, किलोमीटर, घड्याळ, सगळं काळंठिक्कर. मग खड्डा आला की सगळं लख्ख उजळायचं. पुण्यात राहत असल्यामुळे गाडीत काही बिघाड आहे हे कळायलाच फार वेळ गेला. मग आमचा रस्ता एका रात्रीत नव्याने डांबरी झाला (कोणीतरी मोठा पाहुणा जाणार असावा), आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी आंधळी झाली. डॅशबोर्डावर थाप मारली की पुन्हा उजळायची. सिग्नलला थांबून स्वतःच्या गाडीला थोबाडीत मारणारा माणूस शेजारच्या रिक्षावाल्याला कसा दिसतो, हे त्या काळात मला त्याच्या चेहऱ्यावर वाचायला मिळालं.

सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या मुलाने मीटर न उघडताच निदान केलं. "सर, क्लस्टर असेंब्ली चेंज करावी लागेल. म्हणजे अख्खा मीटर."

"आत काय झालंय ते बघितलंत?"

"सर, आम्ही ते ओपन नाही करत. रिप्लेस करतो."

आकडा पंधरा हजारांच्या पुढचा होता. वर किलोमीटरचा घोळ वेगळाच. गाडी किती धावली हा आकडा त्या मीटरच्या बोर्डावरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. नवा मीटर बसवला की जुना आकडा त्यात चढवावा लागतो, आणि त्याचे पैसे निराळे. नाही चढवला, तर उद्या गाडी विकताना गिऱ्हाईक आपल्याकडे चोर म्हणून बघणार.

वडिलांच्या स्कूटरला असलं काही नव्हतं. चाकापासून निघालेली एक केबल मीटरमधलं लोहचुंबक फिरवायची. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, दोघांचा एकमेकांना स्पर्शसुद्धा नाही, पण चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे तयार होऊन ती त्याच्या मागे ओढली जायची. एक नाजूक स्प्रिंग तिला अडवायची, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जगभरातल्या गाड्या त्यावर धावल्या. केबल तुटली की वडील नाना पेठेत जायचे, नवी आणायचे, रविवारी स्वतः बसवायचे. मधल्या काळात वेग किती हे कळत नसे, पण त्या स्कूटरवर तो प्रश्न फारसा उद्भवत नसे.

असो. मी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या त्या बोळात बारक्या सुट्या पार्टांनी खच्चून भरलेलं एक दुकान आहे. मालक मान वर न करता म्हणाला, "खड्ड्यात चालू होतो? मग ड्राय सोल्डर. कनेक्टरच्या पायांपाशी बघा." फी शून्य. त्याने पंचवीस वॅटची सोल्डर गन, सोल्डर वायरचं (कथील आणि शिसं मिसळलेली, सहज वितळणारी तार) छोटं रीळ आणि फ्लक्सची (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या लेपाची) डबी काढून दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. वातानुकूलित काचेच्या महालात जे कोणाला माहीत नव्हतं, ते इथे एका बनियनधारी माणसाला न बघता माहीत होतं. टाय लावल्याने डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो असा माझा जुना संशय आहे.

ड्राय सोल्डर म्हणजे काय, तर मीटरच्या पाठीमागे वायरींचा जो जाड कनेक्टर बसतो, त्याचे पाय बोर्डाला सोल्डरने चिकटवलेले असतात. गाडी वर्षानुवर्षं थरथरते, उन्हात डॅशबोर्ड भाजतो, रात्री निवतो. शेवटी सोल्डरला पायाभोवती गोल, केसासारखी बारीक भेग पडते. थाप मारली की भेगेच्या कडा क्षणभर टेकतात, आणि मीटर जिवंत होतो. औषध एवढंच की फ्लक्स लावायचा, जुनं सोल्डर पुन्हा वितळवायचं, थोडं ताजं घालायचं.

घरात शिसं आणायचं नाही असा हुकूम झाल्यामुळे मी पार्किंगमध्ये बसलो. बॅटरीची निगेटिव्ह काढली, मीटर सोडवून स्टुलावर पालथा घातला, पंपाच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. गन तापत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय हो, वेल्डिंग चाललंय?"

आमचे खजिनदार काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीचं ऑडिट रोज करतात. भर दुपारी हातात पेटती बॅटरी.

"वेल्डिंग नाही काका, सोल्डरिंग."

"धातू वितळवताय ना?"

"हो, पण..."

"वितळवून जोडताय ना?"

"जोडतोय, पण मूळ धातू वितळत नाही, मधलं सोल्डर फक्त..."

"म्हणजे वितळतंय. पार्किंगमध्ये वेल्डिंगला बंदी आहे. ठराव झालाय."

"सोल्डरिंगला बंदी नाही ना?"

"चंद्रावर जायलाही बंदी नाही. म्हणून इथून रॉकेट सोडाल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडेच नसेल.

"किती तापतं हे?"

"टोक साडेतीनशे अंशांपर्यंत जातं. सोल्डर १८३लाच वितळतं. त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं..."

"साडेतीनशे! आणि बाजूला पेट्रोलच्या गाड्या!"

"दुसऱ्या मजल्यावरचे इथेच उभे राहून सिगरेट ओढतात. तिचं टोक याहून जास्त तापतं."

"ते सभासद नाहीत. भाडेकरू आहेत."

विज्ञान इथे संपलं. मी मान खाली घालून फ्लक्स लावला. धुराची एक रेघ वर गेली आणि काकांनी नाकाला रुमाल लावला.

"शिशाचा धूर ना हा?"

"राळेचा आहे. वायरच्या पोटात राळ असते, तिचा. एवढ्या उष्णतेला शिसं हवेत उडत नाही. तरी हुंगू नये, म्हणून तर मोकळ्यावर बसलोय."

"म्हणजे घरच्यांना त्रास नको. सभासदांना झाला तर चालेल."

एका हातात गन, दुसऱ्यात वायर. "काका, उजेड जरा इकडे धरता?" म्हटलं तर धरला. अगदी स्थिर धरला आणि त्याच स्थिरपणे आक्षेपही चालू ठेवले. खरं सांगायचं तर दुसरी भेग त्यांनीच शोधली. आयुष्यभर सह्या तपासलेला डोळा तो. "हा पाय बघा, याच्याभोवती गोल रेघ आहे," म्हणाले, आणि लगेच, "वॅट किती याचे?"

"पंचवीस."

"लेखी?"

गनच्या मुठीवर छापलं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि वहीत उतरवलं.

"तासभर धरा," मी म्हटलं. "०.०२५ युनिट. दहा रुपये युनिट धरला तरी पंचवीस पैसे."

"कमीत कमी एक युनिट लावावा लागेल."

"का?"

"पावतीपुस्तकात पैशांचा रकाना नाही."

"चार आणे रोख देतो."

"चार आण्यांचं नाणं ३० जून २०११पासून चलनात नाही. बदलून द्यायची शेवटची तारीख २९. मी स्वतः काउंटरवर होतो."

दहा रुपये दिले. पावती मिळाली: 'पार्किंग वीज वापर (वेल्डिंग)'.

दहा रुपयांचं दुःख नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला आहे. जिन्यातले दिवे दिवसा जळतात, गणपतीची माळ अजून लुकलुकते आहे, वरची टाकी रोज सकाळी वाहते. एक गृहस्थ दर रविवारी सोसायटीच्या पाण्याने गाडीला अभ्यंगस्नान घालतात, त्याला आमच्याकडे 'स्वच्छता' म्हणतात. दुरुस्त होणारा मीटर भंगारात टाकून पंधरा हजारांचा नवा बसवला असता, तर कोणी वहीत काही लिहिलं नसतं. उलट 'नवीन बसवला का, छान' म्हणाले असते. दुरुस्ती करायला बसलं की मात्र माणूस संशयित. कंपनीला वाटतं आपण पैसे वाचवतो आहोत, सोसायटीला वाटतं आपण वीज चोरतो आहोत, आणि घरच्यांना वाटतं आपण जेवायची वेळ टाळतो आहोत. यातलं तिसरं कधीकधी खरं असतं, पण ते वेगळं.

दोन्ही पायांवर गनचं टोक दोन-तीन सेकंद टेकवलं. ताजं सोल्डर भेगेत शिरलं आणि चकाकत गोल बसलं. मीटर जागेवर लावला, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. काटा फिरून आला, पेट्रोल दिसलं, किलोमीटरचा आकडा होता तसाच होता. डॅशबोर्डावर थाप मारून पाहिली. जराही फडफडला नाही. आणि मग, इतके दिवस अंधारात राहिलेली एक पिवळी खूण सावकाश उजळली. पाना.

काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं. "हा पाना का लागलाय?"

"सर्व्हिसिंगची मुदत टळलीय. सर्व्हिस सेंटरला घेऊन चला म्हणतेय."

"बघा," काका वही मिटत म्हणाले, "गाडीलाही तुमचं वेल्डिंग पसंत पडलेलं नाही."