पहाडावर बर्फ दिसला म्हणून शेकोटी पेटवता काय?

काल रात्री साडेदहाला मोठ्या बाबांचा फोन आला. हा माणूस नऊला झोपते, त्यामुळे आधी तर धस्स झालं. पण आवाज एकदम खुशीत. "बाबू, ते जाड जॅकेट कॅन्सल कर. तुला एक मेसेज टाकला आहे, वाच, सगळं खोटं निघालं." काय खोटं निघालं? तर पहाडातला हवामानाचा अंदाज.

मोठे बाबा, मोठी आई आणि ट्रॅफिक पार्कला सकाळी फिरणारी त्यांची मंडळी, असे 14 जण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडला चालले. आधी नैनिताल, मग चोपता, जमलं तर तिथून वर चढून तुंगनाथचं देऊळ. सगळ्यात लहान मेंबर 62 वर्षांचा. त्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरून राहिला, वर हेडिंग 'हवामान खात्याचा पर्दाफाश, निवृत्त अधिकाऱ्याचे खडे बोल' (अधिकारी नेहमी निवृत्तच असते, नाव कधीच नसते). मजकूर थोडक्यात असा: एकाच जिल्ह्याला एकाच आठवड्यात बर्फाचाही इशारा आणि वणव्याचाही इशारा, म्हणजे यांना काही समजत नाही, बर्फाच्या पहाडात आग लागतच नाही, बिनधास्त शेकोटी करा, सकाळी आभाळ निळं दिसलं की दिवसभर भ्यायचं नाही, मोबाईलच्या ॲपवरचा 15 दिवसांचा अंदाज तोच खरा, यलो-ऑरेंज अलर्ट म्हणजे सरकारची अंग झटकायची आयडिया, आणि शेवटी, बर्फ तर आजकाल परदेशी सॅटेलाइट पाडतात.

शेवटचं आधी निपटवतो कारण त्याच्यावर जास्त वेळ घालवायची इच्छा नाही. सॅटेलाइट बर्फ पाडत नाही, वरून पाहते. डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाला कुठलं जंगल पेटलं ते या सॅटेलाइटवरूनच कळते, 375 मीटरच्या चौकोनापर्यंत, आणि तिथून वनखात्याच्या लोकांना मोबाईलवर अलर्ट जाते, आपल्या मेळघाटातही तेच. झालं, पुढे.

आता बर्फ आणि आग. हे वाचून माझं डोकंच फिरलं, कारण लिहिणाऱ्याला पहाड म्हणजे फ्रीजरसारखा एक डब्बा वाटते, आतमध्ये सगळीकडे सारखाच थंड. अरे भाऊ, पहाड उभा असते. साधारण दर 1,000 मीटर चढलं की तापमान साडेसहा डिग्रीनं उतरते. एप्रिलमध्ये 3,000 मीटरच्या वर बर्फ पडू शकते आणि त्याच जिल्ह्यात खाली 1,500 मीटरवर चीडचं जंगल कोरडं ठाक असते. चीड म्हणजे तिथला पाइन, साधारण 1,000 ते 2,000 मीटरच्या पट्ट्यात. त्याच्या सुया मार्चपासून गळून खाली गादीसारख्या साचतात, तिथले लोक त्याला पिरूल म्हणतात, आणि त्यात राळ असते, म्हणजे काडी लावायचाच अवकाश. जिल्हा एक, उंच्या दोन, म्हणून इशारे दोन. यात न समजण्यासारखं काय आहे?

बरं, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागते याचंच नवल वाटते. मार्च-एप्रिलमध्ये काटोल-नरखेडकडे काय होते? दुपारी अंगाची लाही, संध्याकाळी ढग, आणि लिंबाएवढ्या गारा, झाडावरचा मृग बहाराचा संत्रा खाली आणि आंबिया बहाराचा फुलोराही खाली. तेव्हा कोणी म्हणते का की उन्हाचा आणि गारांचा इशारा एकत्र दिला म्हणजे खातं खोटं? मोठ्या बाबांच्या सासुरवाडीचीच बाग आहे तिकडे, त्यांनी स्वतः नुकसानीचे फॉर्म भरले आहेत.

त्यात वाऱ्याचं गणित तर मेसेजवाल्यानं सोडूनच दिलं. मार्च-एप्रिलमध्ये पहाडात बर्फ आणते ते वेस्टर्न डिस्टर्बन्स, पेपरात पश्चिमी विक्षोभ लिहितात ते, भूमध्य समुद्राकडून येते. ते जवळ आलं की आधी वारा सुटते. वर बर्फ पडते, खाली कधीकधी चार थेंब आणि नुसता वारा, आणि कुठं आधीच धुमसत असलं तर तो वारा आगीला चढावर पळवते. आग चढावर उतारापेक्षा जोरात धावते कारण ज्वाळा वरच्या सुक्या गवताला आधीच भाजून ठेवतात. म्हणजे बर्फ आणणारी सिस्टीम आणि वणवा भडकवणारी सिस्टीम एकच असू शकते. त्यात हिवाळ्यात बर्फच कमी पडला असेल तर मग विचारूच नका, 2024 च्या जानेवारीत उत्तराखंडात पाऊस-बर्फ जवळपास नव्हताच आणि एप्रिलमध्ये नैनिताल पेटलं. हायकोर्ट कॉलनीच्या जवळपर्यंत आग आली होती, हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर भीमतालमधून पाणी उचलून टाकून राहिलं होतं. आणि त्याच नैनितालला 'स्नो व्ह्यू' नावाचा पॉइंट आहे, जिथून नंदादेवीचा बर्फ दिसते. बर्फ दिसते ना? दिसते. जंगल जळलं ना? जळलं. अजून पाहिजे असेल तर अमेरिकेतल्या कोलोराडोचं घ्या, 30 डिसेंबर 2021, रॉकी पहाडाच्या पायथ्याशी बोल्डरजवळ, ताशी 160 किलोमीटरच्या वर झोत असलेला वारा, 1,000 पेक्षा जास्त घरं काही तासांत राख, आणि दुसऱ्या दिवशी त्याच राखेवर बर्फ पडला. चोवीस तासांचं अंतर बाप्पा!

म्हणून ते 'बिनधास्त शेकोटी करा' वाचून मला खरा राग आला. बाकी मूर्खपणा आहे, हा गुन्हा आहे. पहाडातले वणवे आकाशातून क्वचितच पडतात, बहुतेक माणसाच्याच हातून लागतात, कुठं शेतातला कचरा जाळताना, कुठं फेकलेली बिडी, कुठं टुरिस्टची विझवली असं वाटलेली शेकोटी. आपल्याकडं मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात आणि मग अख्खं जंगल धरते, तसंच. उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा सरकारी फायर सीझनच आहे. 13 जून 2024 ला अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनखात्याचे 4 लोक जागीच गेले. त्यांच्या घरी जाऊन हा मेसेज वाचून दाखवा म्हणावं.

दुसरा धोक्याचा मुद्दा, निळं आभाळ. पहाडात सकाळ जवळपास नेहमीच छान असते, तोच तर घोळ आहे. ऊन चढलं की उतार तापतात, दरीतली हवा वर सरकायला लागते, दुपारपर्यंत ढग जमतात आणि दोन-तीनच्या पुढे वारा, गारा, बर्फ जे काय व्हायचं ते होते. म्हणून तिथले गाइड अंधारात निघतात आणि दुपारच्या आत परत फिरतात. जून 2024 मध्ये, म्हणजे आपल्याकडं नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) जेमतेम संपला होता तेव्हा, कर्नाटकातून गेलेला 22 जणांचा ट्रेकिंगचा ग्रुप उत्तरकाशीकडच्या सहस्रतालवरून परतताना हिमवादळात सापडला. 9 जण गेले. नवखे नव्हते, आणि त्यात साठी ओलांडलेलेही होते. हे मी मोठ्या बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत.

ॲपचं म्हणाल तर ॲप खोटं बोलत नाही, ते फक्त पहाड सपाट करून पाहते. जगभराचा अंदाज काढणारी कॉम्प्युटरची मॉडेलं जमिनीचे 9-10 किलोमीटरचे, कुठं त्याहून मोठे चौकोन करतात, भारताचं नवीन मॉडेल मे 2025 पासून 6 किलोमीटरवर आलं, आणि पहाडात 6 किलोमीटरमध्ये दरी पण येते, शिखर पण येते. चोपता 2,700 मीटरच्या आसपास, तुंगनाथ 3,680, मधलं चालणं जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर. ॲपनं चोपत्याला 12 डिग्री दाखवलं तर वर साडेपाच झाले, त्यात ताशी 40 चा वारा असला तर अंगाला शून्य लागते. हे त्या सूर्याच्या पिवळ्या गोळ्यात लिहिलेलं नसते. आणि 15 दिवसांचा पहाडी अंदाज म्हणजे लग्नाआधीच जावयाचा स्वभाव सांगणं, पहिल्या तीन-चार दिवसांपुरतं धरा, पुढचं करमणूक म्हणून पाहा.

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. मेसेजमध्ये एक टोमणा आहे, 'नागपूरला 56 डिग्री दाखवणारं खातं'. हे खरं आहे. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक यंत्रानं 56 दाखवलं होतं आणि दिवसभर आपण सगळ्यांनी तो स्क्रीनशॉट फिरवला, मी पण. पण ते खराब सेन्सरचं मोजमाप होतं, अंदाज नव्हता, आणि सेन्सर बिघडला हे पण खात्यानंच सांगितलं. आणि हो, पहाडात अंदाज चुकतात, आपल्या सपाटीपेक्षा जास्तच चुकतात, दर दरीत वेगळी हवा आणि मोजायला केंद्रं कमी. मुक्तेश्वर, सुरकंडा देवी, लॅन्सडाउनला आता रडार बसले तरी डोंगराच्या मागचं रडारलाही नीट दिसत नाही. एवढं मान्य. पण कधीकधी चुकते म्हणून उलटंच वागायचं, हे कोणत्या शाळेत शिकवतात?

आणि अलर्ट म्हणजे अंग झटकणं असेल तर हे सांगा. 27 फेब्रुवारी 2025 च्या संध्याकाळी चंदीगडच्या संरक्षण खात्याच्या संस्थेनं चमोलीसकट पाच जिल्ह्यांत 2,400 मीटरच्या वर हिमस्खलनाचा 24 तासांचा इशारा दिला. 28 च्या पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी रस्त्याच्या कामगारांच्या कॅम्पवर बर्फ कोसळला, 54 जण दबले, 8 गेले. अंदाज बरोबर होता, माणसं तिथंच होती. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हला, इतकंच असते त्यात.

सगळं बोलून झाल्यावर मोठे बाबा बराच वेळ गप्प. मागून मोठी आईचा आवाज आला, "ऐका त्याचं, जॅकेट घ्या." मग म्हणाले, "म्हणजे तुंगनाथला सकाळी पाचलाच निघायचं म्हणतोस?" मी म्हटलं, हो जी, आणि बारापर्यंत खाली. "बरं. पण पाचला तिथं पोहे कोण देईल बे?"