तीन वॅट, पण दिवसभर

सायकलवरून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डायनॅमोवर मोबाइल चार्ज करणं निव्वळ फसवं आहे. मिळतात जेमतेम 3 वॅट, तेवढ्यासाठी पाय गळतात, उलटसुलट वाहणाऱ्या विजेने फोन जळतो आणि पॉवरबँक असताना हा खटाटोप हवाच कशाला? चारही मुद्द्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून तो पटतो. पण त्यावर विसंबून अनेक जण एक उत्तम साधन न वापरताच मोडीत काढतात, याचं मला वाईट वाटतं.

पाय गळण्याचं आधी बघू, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. या भीतीचं मूळ टायरला घासणाऱ्या जुन्या डायनॅमोत आहे. तो टेकवला की सायकल कुणी मागून धरल्यासारखी वाटायची, घरघर सुरू व्हायची आणि पावसात त्याचं चाक टायरवरून घसरून दिवा मिणमिणायचा. हे सगळं खरं आहे. पण सफरीवर आता वापरतात तो हब डायनॅमो, पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे आरे जिथे जुळतात त्या मधल्या भागात बसवलेला. त्यात तारेच्या वेटोळ्याभोवती चुंबक फिरतात, टायरला काहीच घासत नाही. चार्जिंग चालू असताना तो आपल्याकडून साधारण 5 ते 6 वॅट घेतो. सामान लादून निवांत चाललेला माणूस 100 वॅटच्या आसपास ताकद लावत असतो. सायकल, सामान आणि माणूस मिळून 100 किलो आणि वेग ताशी 20 किलोमीटर धरला, तर 5 वॅटचा भार म्हणजे दर किलोमीटरला सुमारे एक मीटरचा चढ. असा रस्ता डोळ्याला सपाटच दिसतो.

बरेच जण दुकानात हबची आस हाताने फिरवून बघतात, ती अडखळत फिरते आणि तिथेच त्यांचं मत ठरतं. तो अडखळा चुंबकांचा असतो: एका जागी ते मागे ओढतात, पुढच्याच क्षणी तेवढंच पुढे ढकलतात. चाक वेगात आलं की ही ओढाताण जवळजवळ फिटते. हाताला जाणवलेला जडपणा पायांना जाणवत नाही.

आता 3 वॅट. हा आकडा दिव्यासाठी ठरवलेला आहे: 6 व्होल्ट, अर्धा अँपिअर, तोही ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. वेग वाढला तरी करंट अर्ध्या अँपिअरच्या जवळपासच राहतो, व्होल्टेज मात्र चढू शकतं. चांगला चार्जर त्याचा फायदा घेतो आणि वेगात 3 पेक्षा जास्त वॅट काढतो. तरी आपण हात राखूनच मोजू. 5000 एमएएचच्या फोनची बॅटरी म्हणजे सुमारे 19 वॅट-तास (एक वॅट तासभर मिळाला की एक वॅट-तास). फोनपर्यंत अडीच वॅट पोचले आणि सायकल सहा तास चालली, तर 15 वॅट-तास होतात. चार्जिंगमधली गळती वजा केली तरी निम्म्याहून जास्त बॅटरी भरते. भिंतीतल्या चार्जरशी तुलना केली तर हे कूर्मगतीने झालं, पण दिवसभर चाक फिरणारच आहे.

मात्र ताशी 12 किलोमीटरच्या खाली फारसं काही मिळत नाही. दिवसभर घाटच चढायचा असेल तर भरवसा ठेवू नका. लॅपटॉपचा विचारही करू नका. आणि अंधार पडल्यावर ती वीज दिव्याची, फोनची नाही.

फोन जळण्याचा मुद्दा लवकर संपतो. डायनॅमोची तार थेट फोनला जोडली तर तो खरंच जाईल, कारण वीज एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी असते आणि ती फारशी वापरली जात नसताना उतारावर व्होल्टेज कित्येक पटींनी चढतं. म्हणूनच मध्ये चार्जर असतो. तो एसीची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करतो, चढउतार सपाट करतो आणि पुढे 5 व्होल्टच सोडतो.

खरी अडचण त्या मजकुरात नाहीच. सिग्नलला थांबलात, चढावर रेंगाळलात की पुरवठा तुटतो, मग पुन्हा जोडला जातो. दर वेळी फोन जागा होतो, स्क्रीन उजळते. गल्लीबोळांतून, थांबत थांबत जाताना मी फोन थेट जोडून ठेवला होता, तेव्हा संध्याकाळी तो सकाळपेक्षा रिकामा निघाला. उपाय सोपा आहे: डायनॅमोने पॉवरबँक भरावी आणि पॉवरबँकने फोन.

म्हणजे चौथ्या मुद्द्यात ज्यांना प्रतिस्पर्धी ठरवलंय, ती दोन्ही साधनं जोडीने चालतात. दोन-तीन दिवसांच्या सफरीला मीही म्हणेन, भरलेली पॉवरबँक पुरे. 10,000 एमएएचमध्ये 37 वॅट-तास असतात, त्यात गळती धरूनही फोन एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. पण पाचव्या-सहाव्या दिवशी, तंबू ठोकलेल्या जागी वीज नसताना, ती रिकामी पॉवरबँक भरणार कशाने? तिथे डायनॅमो लागतो.

पॉवरबँक निवडताना एवढं बघा की पुरवठा तुटून परत आल्यावर ती बटण न दाबता आपोआप भरू लागते. काही लागत नाहीत, काही इतका कमी करंट घेतच नाहीत. निघण्याच्या आठवडाभर आधी घराजवळच तासभर सायकल चालवा, मुद्दाम दहा वेळा थांबा आणि दर वेळी तिचा दिवा परत लागतो का ते तपासा.