माझे वीस रुपये

परवा अंदमानहून आलो. लोक विचारतात, कशी झाली ट्रिप? मी म्हणतो, छान. समुद्र छान, सेल्युलर जेलमध्ये घसा दाटून आला, मासे तर विचारूच नका. मनात मात्र एकच चालू असतं : माझी नोट.

जुनी वीसची नोट आठवते? लालसर केशरी. तिच्या मागे माड, समुद्र, टेकड्या आणि एक दीपगृह आहे. हे चित्र अंदमानचं आहे आणि माउंट हॅरिएटवरून नेमकं हेच दिसतं, असं मला ऑफिसातल्या तिघांनी शपथेवर सांगितलं होतं. (२०२१पासून डोंगराचं नाव माउंट मणिपूर आहे, पण गाडीवाले अजून हॅरिएटच म्हणतात.) वर उभं राहायचं, नोट समोर धरायची, मागे तोच देखावा, की काढा फोटो. यासाठी मी भाजीवाल्याकडून जुनी नोट मागून घेतली आणि दीड महिना पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपली. हल्ली शोधून मिळत नाही ती. नवी वीसची हिरवट पिवळी असते आणि तिच्यावर आमचं वेरूळ. मी संभाजीनगरचा. वेरूळ मला घरापासून तीस किलोमीटरवर आहे, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही.

चॅथमहून बांबू फ्लॅटला गाड्या नेणाऱ्या फेरीच्या रांगेतच दुपार गेली. वर पोचलो तेव्हा चार वाजून गेलेले. अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य फार पूर्वेचा. डिसेंबरात पाचच्या सुमारास तो मावळतो. आमच्या टूर मॅनेजरने जाहीर केलं, "पॉइंटसाठी वीस मिनिटं!" एवढे पैसे भरून वीस मिनिटं. नाश्त्याला त्याने सव्वा तास दिला होता, तोही उपम्यासाठी.

कठड्याशी एक काका आधीच उभे होते. दुसऱ्या टूरचे, पण मराठी. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. माझ्या हातातली नोट त्यांनी दहा पावलांवरून ओळखली.

"जुनी वीस! बघू." बघू म्हणेपर्यंत ती त्यांच्या हातात होती. "चौतीस वर्षं कॅश काउंटरवर होतो मी." त्यांनी ती उजेडात धरली, अंगठ्याने चोळली, कानाशी नेऊन फडफडवली. "सॉइल्ड आहे. इथे चिकटपट्टी लावलीय. मी घेतली नसती."

घेतली तर होतीच. मी म्हटलं, "काका, जरा फोटो..."

"थांबा हो, आधी अँगल." एक डोळा मिटून, हात लांब करून त्यांनी नोट समोर धरली. खाली नॉर्थ बे, पलीकडे रॉस बेट, सगळीकडे निळंशार पाणी. "दीपगृह कुठाय? आणि माड? नोटेवर माड आहेत. इथे एक माड नाही."

खरंच नव्हता. होतं ते उंच, ओलं जंगल. काका डावीकडे सरकले, मग उजवीकडे, मग एका गुजराती कुटुंबाच्या फोटोतून आरपार गेले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे मोबाईल घेऊन माझी बायको. सहा मिनिटं गेली. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरला दया आली.

"सर, नोट पे यही पहाड़ है. फोटो उधर पोर्ट ब्लेअर साइड से लिया है."

काका स्तब्ध. त्यांनी नोटेकडे पाहिलं, पायाखाली पाहिलं. "म्हणजे आत्ता आपण नोटेच्या आत उभे आहोत?"

"मग आपण दिसू का हो त्यात?" काकूंनी पदर सारखा करत विचारलं.

यावर दोघांची गंभीर चर्चा झाली. काकांचं मत, छपाई जुनी असल्यामुळे दिसणार नाही. मी मधे मधे "नोट" म्हणत होतो. ऐकतो कोण.

याच डोंगरावर ८ फेब्रुवारी १८७२ला व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो सूर्यास्त बघायला चढला होता. उतरून होपटाउनच्या धक्क्यावर पोचला आणि अंधारात शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्याला भोसकलं. शाळेत हे शिकलो तेव्हा सगळा थरार शेर अलीचा वाटायचा. आता वाटतं, मेयोने निदान सूर्यास्त तरी नीट पाहिला. त्याला कुणी मागून शिट्टी मारली नव्हती. आमचा मॅनेजर मात्र चारशे मीटरही उंची नसलेल्या त्या डोंगरावर एव्हरेस्टवरून माणसं उतरवायची असल्यासारखा शिट्टी फुंकत होता. "फेरी चुकेल! चला, चला!"

"काका, माझी नोट."

"उद्या लागेल ना मला! पोर्ट ब्लेअरच्या बाजूने मॅच करून बघतो." एवढं बोलून त्यांनी ती चष्म्याच्या घरात सरकवली. उद्या आम्ही हॅवलॉकला, हे कुठले. मी हात पुढे केला तसाच राहिला. बायको म्हणाली, "जाऊ दे ना, वीस रुपये." प्रश्न वीस रुपयांचा नाही, हे नवऱ्याने बायकोला समजावून सांगितल्याची नोंद इतिहासात कुठेही नाही.

मी गाडीकडे निघालो. सूर्य एव्हाना झाडांच्या आड गेला होता. मागून हाक आली, "अहो संभाजीनगर!" काका धापा टाकत आले होते. माझा जीव भांड्यात पडला. माणूस तसा वाईट नाही, असंही वाटून गेलं.

त्यांनी पाकिटातून नोट काढून माझ्या तळहातावर ठेवली. कोरी करकरीत. हिरवट पिवळी. वेरूळ.

"वीसच ना? हिशेब चोख. उलट फायदाच झाला तुमचा, सॉइल्ड देऊन फ्रेश मिळाली." आणि तिथेच उभे राहिले, माझ्याकडे बघत. काहीतरी राहिल्यासारखे.

मी "थँक्यू" म्हटलं. हेच सगळ्यात जास्त खुपतंय.