आयत्या वेळचे मासे

घरात फिशटँक ठेवणाऱ्यांचा क्लब ठाण्यात काढायचा, किंवा झोपलेला पुन्हा उठवायचा, असं तुमच्या मनात आलं असेल तर योग्य माणसाकडे आलात. असे दोन क्लब मी स्वतःच्या हातांनी बुडवलेत. तिसऱ्याचा सध्या सचिव आहे. तोही जिवंत आहे, फक्त सारखा वर येऊन तोंड उघडतो. मासे पाळणाऱ्याला याचा अर्थ कळतो. पाहुण्यांना वाटतं, मासा हसतोय.

पहिलं म्हणजे माशांची घाई करू नका. मासे काय, कुर्ल्याला मिळतात, क्रॉफर्ड मार्केटला मिळतात, आता तर दर दोन नाक्यांमागे एक दुकान आहे. लेटरहेड तसं मिळत नाही. तेव्हा सुरुवात तिथून.

लेटरहेडवर नाव लागतं. नावात 'मत्स्यप्रेमी' हा शब्द घालाच. आम्ही घातला होता. पहिल्या आठवड्यात चार फोन आले. त्यातले तीन पापलेटच्या भावासाठी होते. चौथ्या बाईंनी विचारलं, आमच्याकडे श्रावण पाळतात, तर सभासद भाद्रपदात झालं तर चालेल का? यांचा फोन मी अजून जपून ठेवलाय, कारण सभासद व्हायला स्वतःहून तयार झालेली ती एकमेव व्यक्ती. नावाखाली 'कार्यक्षेत्र : संपूर्ण ठाणे जिल्हा' असं ठसठशीत हवं. आमचं डहाणूपर्यंत होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि एका रात्रीत डहाणू, जव्हार, वसई आमच्या हातून गेलं. तिथे आमचा एकही सभासद नव्हता, पण चटका लागायचा तो लागलाच. मग शिल्लक लेटरहेडवर काट मारायची की नवीन छापायची, यावर तीन सभा झाल्या. क्लबच्या इतिहासात सर्वाधिक उपस्थिती या तीन सभांना आहे.

नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. सात मिळाली की लगेच सात पदं काढा : अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि सल्लागार. आठवा कुणी आलाच तर त्याला नुसतं 'सभासद' म्हणा. तो पुन्हा येत नाही.

फायटर माशाचे दोन नर एका टँकमध्ये ठेवू नयेत, हे आम्हा सातही जणांना तोंडपाठ होतं. दुकानदार म्हणूनच त्यांना वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतो आणि बाटल्यांच्या मधे पुठ्ठा उभा करतो, नाहीतर ते काचेपलीकडूनही एकमेकांवर कल्ले फुलवत बसतात. अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यांच्यामधे पुठ्ठा लावायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. फायटरची आणखी एक खुबी आहे. पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी त्याचं अडत नाही, पृष्ठभागावर येऊन तो थेट हवा घेतो. त्यामुळे पाणी कितीही गढूळ झालं तरी टिकतो. आमचे दोघेही टिकून आहेत.

सभेची जागा घोडबंदर रोडला धरा आणि वेळ रविवारी संध्याकाळी सहाची. दुकानात मासे पिशवीत भरताना ऑक्सिजन सोडून रबर आवळतात, तशी पिशवी चोवीस तास आरामात निघते. घरून नुसती हवा भरून आणलेल्या पिशवीला काही तासच असतात. कळव्याहून निघालेला माणूस खाडी ओलांडून, कापूरबावडीच्या सिग्नलला दोन सिनेमे होतील एवढा वेळ काढून पोचेपर्यंत त्याचे मासे वर आलेले असतात. तोही. पुढच्या वेळी तो मासे आणत नाही आणि त्याच्या पुढच्या वेळी स्वतः येत नाही. क्लब असा हळूहळू निवडक होत जातो.

आता नवख्यांचं. हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण क्लब मारायचा असेल तर इथेच मारता येतो. नवखा कसा ओळखावा? तो दाराशी चपला काढतो आणि म्हणतो, माझा गोल्डफिश तीन दिवसांत मेला, दुसरा आणला तोही मेला, काय चुकत असेल? कशात ठेवला होता, असं विचारलं की तो दोन्ही हातांनी हवेत एक गोल काढतो. इथे सातही पदाधिकाऱ्यांनी एकाच वेळी त्याच्याकडे बघावं आणि एका सुरात म्हणावं, "बाउलमध्ये?"

बस. यापुढे काही सांगायचं नाही. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो आणि तो विषारी असतो, हे सांगायचं नाही. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे माशाला बऱ्यापैकी सोसतं, हे सांगायचं नाही. या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर मासे कमी ठेवायचे, खाणं चिमूटभर आणि पाणी थोडं थोडंच बदलायचं, हेही नाही. आणि हे तर अजिबातच सांगायचं नाही की कुणाच्या तरी जुन्या, चालत्या टँकमधला वापरलेला स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये घातला, तर ती वस्ती पुष्कळ लवकर बसते. ते काळपट, बुळबुळीत फडकं म्हणजे या छंदातली सगळ्यात मोलाची चीज आहे, आणि ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ओळखीच्या घरातूनच आणावी लागते. लोकांना हे कळलं तर ते क्लबमध्ये एकमेकांचे स्पंज मागत बसतील. आज स्पंज मागतो, उद्या पद मागेल.

स्वतःचे मेलेले मासे कधीही सभेत आणू नयेत. माझंच सांगतो. एका शुक्रवारी आमच्याकडे पाण्याचं शटडाऊन होतं. शनिवारी नळाला पाणी आलं, तसा मला स्वच्छतेचा झटका आला. तीन फुटी टँकचं सगळं पाणी काढलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, नवीन पाणी भरलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारे अँटिक्लोरीनचे थेंब विसरलो. सगळं इतकं चकचकीत झालं की मी फोटो काढला. रविवारी सकाळी उठलो तर अकरा निऑन टेट्रा तळाशी, आणि त्यांच्या अंगावरची निळी रेघ विझलेली. ती रेघ मेल्यावर विझते हे मला तोवर माहीत नव्हतं. बायको चहा घेऊन शेजारी उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं. त्याच संध्याकाळी सहाच्या सभेत मी 'निरोगी मत्स्यालयाची दहा सूत्रं' या विषयावर बोललो आणि शनिवारचा फोटो दाखवला. टाळ्या पडल्या.

तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवायला हरकत नाही, मात्र विषय स्थानिक नसावा. जपानच्या ताकाशी अमानो यांनी पाणवनस्पती, दगड आणि लाकडाच्या ओंडक्यातून टँकमध्ये अख्खं रान कसं उभं केलं, ते पडद्यावर बघून सगळ्यांनी उसासे टाकावेत आणि घरी येऊन प्लॅस्टिकचा खजिना, प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि निळे खडे यांच्याकडे पाठ करून झोपावं. सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या माशांवर कुणी बोलायला तयार असेल तर त्याला पुढची तारीख द्या. अंगावर लाल-काळा पट्टा असलेला तो केरळी मासा, जो दुकानात 'मिस केरळ' म्हणून मिळतो, त्याच्या शास्त्रीय नावात २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' हा शब्द आला. नाव आपलं, मासा केरळचा, आणि पकडून पकडून नैसर्गिक ओढ्यात तो धोक्यात आलेला. अशा वक्त्यापुढे प्रश्नोत्तरं रंगतात, लोक उशिरापर्यंत थांबतात आणि हॉलचं भाडं वाढतं.

परदेशातल्या क्लबांमध्ये महिन्याच्या सभेला लोक घरी झालेली जास्तीची पिल्लं, छाटलेल्या वनस्पती पिशवीत भरून आणतात, चिल्लर भावात लिलाव करतात, त्या पैशात क्लब चालतो. कठीण मासा घरी वाढवला तर गुण देतात. आपल्याकडे हे खूळ शिरू देऊ नये. पिल्लं झाली तर दाटीवाटीत मरू द्यावीत, पण देऊ नयेत. दिली की समोरच्याकडेही तोच मासा होतो, मग आपल्यात आणि त्याच्यात उरलं काय?

मोठ्या झालेल्या माशांसाठी मात्र ठाण्यासारखं शहर नाही. तळ्यांचं शहर. 'टँक साफ करतो' म्हणून बोटाएवढा सकर घ्यावा, तो हाताएवढा झाला, झाडं उपटू लागला, की बादलीत घालून एखाद्या पहाटे तळ्याकडे न्यावा. घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडावा, लहानग्याला टाटा करायला लावावं. पुण्यकर्म आहे. सकर तिथे मरत नाही, हीच तर गंमत. तो काठ पोखरतो, खातो, वाढतो, आणि स्थानिक माशांच्या वाट्याचं संपवतो. सहा महिन्यांनी त्याच काठावर क्लबने 'तलाव वाचवा' फेरी काढावी. टोप्या आमच्याकडे आहेत. नको झालेले मासे क्लबनेच परत घ्यावेत, अशी एक सूचना मागे आली होती. सूचक आठवा सभासद होता.

आता बरणीचं प्रकरण. हे सांगणार नव्हतो.

क्लबच्या पुनरुज्जीवनाच्या पहिल्या सभेला सातवीतला एक मुलगा आला. हातात मुरंब्याची बरणी, बरणीत जावा मॉस या पाणवनस्पतीचा गुंता आणि एक गप्पी माशाची मादी, पोट टरटरलेलं. क्लबला भेट, म्हणाला. आमच्या घटनेत अठरा वर्षांखालच्यांसाठी तरतूद नाही, म्हणून त्याला मागच्या रांगेत निमंत्रित म्हणून बसवलं. खजिनदारांनी नियमाप्रमाणे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली : 'बरणी, काचेची, नग एक (पाण्यासह).' मासा कुठल्या रकान्यात घालावा ते ठरेना, म्हणून विषय पुढे ढकलला आणि बरणी सोसायटी हॉलच्या खिडकीत ठेवून सगळे निघालो.

पाचव्या दिवशी वॉचमन काकांचा फोन. "साहेब, तुमच्या बरणीत पिल्लं झालीत. सतरा मोजली." मी म्हटलं, लेखी द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आई खातीय वाटतं, तेरा राहिली. मॉसमध्ये लपलीत." मी विषय घेतला, पण सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरली, आणि विषय क्रमांक एकवरच, म्हणजे मागच्या इतिवृत्तावरच संपली. गप्पीची मादी मात्र एकदा नराबरोबर राहिली की पुढे काही महिने नराशिवाय, दर चार आठवड्यांनी पिल्लं देत राहते. तिला गणपूर्ती लागत नाही.

काकांनी कुणाला न विचारता पिल्लं पाण्याच्या बाटल्या कापून त्यात वेगळी केली. तो मुलगा शाळेतून येता-जाता पाणी बदलू लागला. कुणीतरी हवेचा पंप आणला, कुणी घरातला जुना दोन फुटी टँक. आता दर रविवारी सकाळी वॉचमनच्या केबिनबाहेर दहा-बारा पोरं आणि त्यांच्यामागे दोन-तीन आज्या बरण्या घेऊन उभ्या असतात. पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही, मुख्य म्हणजे अध्यक्ष नाही. क्लबच्या हद्दीत हा प्रकार विनापरवाना चालल्याबद्दल काकांना समज देणारं पत्र काढायचं ठरलं. आयत्या वेळच्या विषयांत, एकमताने. मसुदा मीच केला.

पत्र द्यायला मीच गेलो. पोरगा स्टुलावर बसून एका मुलीला सांगत होता, "पिशवी लगेच ओतू नको हां. पंधरा मिनिटं तशीच तरंगू दे, पाण्याची सवय होऊ दे." मग त्याने आपल्या फिल्टरमधला काळा स्पंज बाहेर काढला, कात्रीने दोन बोटं कापला, तिच्या डब्यात टाकला, आणि वर बघून म्हणाला, "काका, तुम्हाला पण पाहिजे?"

अशा वेळी सचिवाने पदाचं भान ठेवावं, असा माझा तुम्हाला सल्ला आहे. मी आपला त्याला अकरा टेट्रांची गोष्ट सांगत बसलो, पहिल्यांदाच, शनिवारच्या फोटोसकट. आज्यांनीही ऐकली. एक म्हणाली, "माझे बावीस गेले होते."

पत्र जावक रजिस्टरला चढवलं आहे. पोच तेवढी यायची आहे.